मिशनच्या जमिनीचा वाद: सातारा-सांगलीतल्या कुटुंबांनी आणि चर्च कमिट्यांनी काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

सातारा-सांगली पट्ट्यात चर्चच्या जमिनीवरून वाद उभा राहतो तेव्हा दोन्ही बाजूंना बऱ्याचदा एकाच मंडळीतली, म्हणजे एकाच चर्चच्या सभासद समुदायातली, माणसं असतात. एक भाऊ चर्च कमिटीवर, दुसरा मिशन कंपाउंडमधल्या आजोबांच्या खोलीत राहणारा. शेजारच्या पट्टीत ज्वारी-हरभरा करणारं घर ख्रिस्तीही नसतं, पण त्यांच्या पणजोबांना ती पट्टी मिशनच्या साहेबानं वाट्यानं कसायला दिलेली असते. नोटीस आली की आठवड्याभरात एक बाजू दुसरीला 'अतिक्रमणवाले' म्हणते, दुसरी पहिलीला 'जमीन विकून खाणारे' म्हणते, आणि कागद बघायचे राहून जातात.

हे मार्गदर्शन दोन्ही बाजूंसाठी आहे. मालकी कुणाची, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याआधी दोन गोष्टी कागदावर ठरल्या पाहिजेत. कुटुंब या जमिनीवर कोणत्या नात्यानं आलं? आणि जमीन आज नेमक्या कोणत्या संस्थेच्या नावावर आहे? तहसीलदार, धर्मादाय कार्यालय की दिवाणी कोर्ट, हे या दोन उत्तरांवरून ठरतं. चुकीच्या दारात दहा वर्षं घालवल्यावर 'आम्हाला हे प्रकरण चालवण्याचा अधिकारच नाही' असा आदेश हातात पडतो, आणि तोवर घरातली जाणती माणसं साक्ष द्यायला उरलेली नसतात.

आपण या जमिनीवर कोण?

हा प्रश्न कुटुंबानं स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. ढोबळमानानं पाच-सहा उत्तरं संभवतात आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

शेतजमीन वाट्यानं किंवा खंडानं कसत असाल तर तुम्ही कूळ असू शकता. मिशनच्या मळ्यावर आजोबा पगारावर माळी किंवा गडी होते आणि साहेबाच्या देखरेखीखाली काम करत होते, तर कूळ नव्हे. पगारी नोकर आणि मजूर यांना कुळकायद्याचं कलम ४ वगळतं. पण मोबदला पिकाच्या वाट्यानं मिळत होता, बी-बियाणं आणि बैल स्वतःचे होते, तर चित्र बदलतं. म्हणून 'आजोबा मिशनमध्ये कामाला होते' एवढ्यावर कुणीच निष्कर्ष काढू नये, ना कमिटीनं, ना कुटुंबानं.

कंपाउंडमधल्या खोल्यांची गोष्ट निराळी. दवाखान्यातली नर्स, कंपाउंडर, शाळेतला मास्तर, बोर्डिंगचा स्वयंपाकी यांना नोकरीसोबत खोली मिळायची. नोकरी संपली, खोली राहिली. काही ठिकाणी पुढे दरमहा भाडं सुरू झालं आणि पावती फाडली गेली; तिथं भाडेकरूचं नातं तयार झालं असण्याची शक्यता असते. भाडंच नसेल तर तो परवानगीनं राहणारा. याखेरीज कुणी 'कमिटीच्या अमुक मेंबरकडून' प्लॉट घेतलेला असतो, तर कुणाची नुसती वहिवाट असते.

इथं एक धोका नीट समजून घ्या. 'आम्ही कूळ आहोत' आणि 'आमचा बारा वर्षांहून जास्त विरोधी कब्जा आहे, म्हणून आम्हीच मालक' ही दोन विधानं एका दाव्यात एकमेकांना मारतात. कूळ किंवा भाडेकरू म्हणजे मालकाच्या संमतीनं आत आलेला माणूस. विरोधी कब्जा म्हणजे मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारून धरलेला ताबा. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं की विरोधी कब्जाच्या आधारे वादी म्हणूनही दावा आणता येतो. त्यानंतर हा मुद्दा सर्रास टाकला जातो. पण ज्याच्या ट्रंकेत मिशनच्या भाडेपावत्या आहेत त्यानं तो टाकला, तर त्याच्याच पावत्या त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात आणि कूळ किंवा भाडेकरू म्हणून असलेलं खरं संरक्षणही डळमळतं. पहिल्या अर्जात काय लिहिलं जातं ते शेवटपर्यंत मागे लागतं. अर्ज लिहिणाऱ्याला सगळे कागद दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.

जमिनीचा इतिहास गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. आजचा सातबारा ही फक्त शेवटची ओळ असते.

या भागात मिशनच्या जमिनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या राजवटींत आल्या. अमेरिकन मराठी मिशनचं साताऱ्यातलं काम १८४९ पासूनचं. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. पुढे प्रेस्बिटेरियन मिशनचं काम सांगली, मिरज, इस्लामपूरकडे पसरलं आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्येच इंग्रजांनी खालसा केलं होतं, तर सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं १९४८ पर्यंत टिकली. म्हणजे तुमचं गाव त्या काळी इंग्रजी मुलखात होतं की संस्थानात, हे आधी बघावं लागतं. आटपाडी औंध संस्थानात होती, वाळवा आणि तासगाव इंग्रजी सातारा जिल्ह्यात. संस्थानी गावाची जुनी सनद, हुकूम किंवा इनामपत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळालं नाही, तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात शोध घ्यावा. कागद मोडीत असेल तर जाणकार लिप्यंतरकाराकडून प्रतिज्ञापत्रासह लिप्यंतर करून घ्या. घरच्या वडीलधाऱ्यानं वाचून दाखवलेला मजकूर कोर्टात चालत नाही.

आणखी एक अडचण सांगली जिल्ह्यातल्या लोकांना हमखास येते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या फेरफारांवर, कुळकायद्याच्या आदेशांवर आणि ट्रस्टच्या पहिल्या नोंदणीच्या कागदांवर 'जि. दक्षिण सातारा' असं असतं. शोधाचा अर्ज करताना दोन्ही नावं लिहा, नाहीतर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा सहज मिळतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागायचे कागद असे: जितका मागे मिळेल तितका जुना सातबारा, त्याआधीचं कडईपत्र, सगळे फेरफार (गाव नमुना ६), आठ-अ. जुन्या सातबाऱ्यावर तीन जागा बारकाईनं वाचा. कब्जेदार सदरी कुणाचं नाव आहे? इतर हक्कात 'कूळ', 'संरक्षित कूळ', 'खंड' असं काही आहे का? आणि पीकपाहणीच्या बाजूला 'रीत' (जमीन कोणत्या पद्धतीनं कसली ते) व प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव काय लिहिलंय? एखाद्या वर्षी नाव होतं आणि पुढच्या वर्षी नाही, तर ते कोणत्या फेरफारानं गेलं तो फेरफार क्रमांक शोधा. फेरफाराशिवाय नाव गेलं असेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा, गटबुक, आकारफोड, कमी-जास्त पत्रक आणि मूळ सर्व्हे नंबरचं टिपण घ्या. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले. मिशनचे दोन-तीन तुकडे आणि शेजाऱ्याचा एखादा हिस्सा एकाच गटात गेला असेल तर क्षेत्र कुठं वाढलं, कुठं घटलं हे याच कागदांतून कळतं. अनेक 'अतिक्रमणं' प्रत्यक्षात बांधाची नसून गटबुकातल्या बेरजेची असतात.

जागा शहरात असेल, म्हणजे सातारा, वाई, कराड, मिरज, सांगली, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) इथं, तर सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका आणि मूळ चौकशी नोंदवहीचा उतारा घ्या. पत्रिकेवरचा 'सत्ताप्रकार' (जागा कोणत्या हक्कानं धरली आहे) हा रकाना दुर्लक्षू नका. महाबळेश्वर-पाचगणीकडे बऱ्याच जुन्या मिळकती सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. तिथं चर्च पट्टेदार असतं, मालक सरकार असतं. पट्टा संपलेला असेल किंवा शर्तभंगाचा प्रश्न असेल तर चर्च आणि कुटुंब भांडत बसतात आणि निर्णय जिल्हाधिकारी घेतात. चर्च किंवा शाळेच्या कामासाठी सरकारनं शर्तीवर दिलेल्या जमिनीचंही असंच आहे.

दुय्यम निबंधकाकडे सूची दोनचा (नोंदलेल्या दस्तांची सूची, इंडेक्स टू) शोध घ्या, तीस वर्षं हा किमान काळ धरून. घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८, लाइट बिल हे ताब्याचे पुरावे आहेत, मालकीचे नाहीत. फेरफारानंही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. मात्र महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, त्यामुळे चुकीची नोंद तशीच राहू देणं परवडत नाही.

कागदांखेरीज आणखी एक पुरावा जागेवरच असतो. मिशनच्या आवारात दफनभूमी असेल तर थडग्यांवरच्या तारखा आणि त्यांचा विस्तार यावरून कोणता भाग कधीपासून चर्चच्या वापरात आहे हे दिसतं. तारखांसह फोटो काढून ठेवा. वाद काहीही असो, दफनभूमीचं क्षेत्र पहिल्यापासून वेगळं दाखवा आणि सौद्याच्या बोलण्यात ते येऊच देऊ नका. तिथं दोन्ही बाजूंची माणसं पुरलेली आहेत.

हे सगळं जमलं की एक वही घ्या. डावीकडे तारीख, मधे कागद आणि त्याचा क्रमांक, उजवीकडे त्यातून काय सिद्ध होतं ते. वकिलाला ही वही दिली तर तो पहिल्या बैठकीत कामाचं बोलेल.

चर्च म्हणजे नेमकी कोणती संस्था?

हा प्रश्न कुटुंबं विचारत नाहीत आणि कमिटीला आवडत नाही, पण निम्मा वाद इथं सुटतो.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चर्च हा सार्वजनिक न्यास ठरतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. साताऱ्यात आणि सांगलीत धर्मादाय खात्याचं सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय आहे. तिथून संबंधित ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा प्रमाणित उतारा घ्या. त्यात विश्वस्त कोण, स्थावर मिळकती कोणत्या, हे लिहिलेलं असतं. तुमच्या वादाचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर त्या यादीत आहे का बघा. नसेल तर कमिटीनं आधी ते सांगावं. असेल तर तो कोणत्या कागदाच्या आधारे चढला, ते मूळ अर्जातून कळेल.

बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मिशनचंच जुनं नाव आहे, परिशिष्टावर एखादी ट्रस्ट असोसिएशन आहे आणि भाडं स्थानिक मंडळी गोळा करते. मिशनरी गेले, मिशनच्या मिळकती वेगवेगळ्या मंडळांकडे आल्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांच्या एकत्रीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि प्रत्येक टप्प्यावर नोंदणीकृत दस्त झालाच असं नाही. नुसत्या ठरावानं जुन्या संस्थेची मिळकत नव्या संस्थेकडे जाते का? गुजरातमधल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनच्या मिळकतींवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथंही लागू होता तो १९५० चाच मुंबईचा कायदा. २००५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की ट्रस्टच्या विलीनीकरणासारखे प्रश्न धर्मादाय यंत्रणेच्या अखत्यारीतले आहेत, कलम ८० मुळे दिवाणी कोर्टाला ते बंद आहेत. २०१३ मध्ये म्हटलं की केवळ ठरावानं ती मिळकत नव्या चर्चकडे जात नाही. कायद्यानं सांगितलेली प्रक्रिया पुरी करावी लागते. आपल्याकडच्या कमिट्यांनी हे दोन निकाल वकिलाकडून समजून घ्यावेत. दावा लावणाऱ्या संस्थेचा वारसाच कागदावर सिद्ध होत नसेल तर चांगली बाजूही पहिल्याच मुद्द्यावर अडते.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. दोन गटांचे दोन बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असण्याचं दुखणं इथं जुनं आहे. कुटुंबानं भाडं भरण्याआधी किंवा तडजोडीवर सही करण्याआधी समोरच्याचं नाव परिशिष्ट एकवर आहे का, हे पाहावंच. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) कितीही भले असले तरी पाळक म्हणून त्यांना जमिनीचा व्यवहार करण्याचा अधिकार आपोआप येत नाही.

शेतजमीन आणि कुळाचा प्रश्न

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कुळकायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. पुढे कलम ३२ग खाली किंमत ठरायची आणि पैसे भरले की ३२म चं प्रमाणपत्र मिळायचं. मग मिशनच्या जमिनी कसणारी कित्येक घरं मालक का झाली नाहीत? कारण कलम ८८ब. सार्वजनिक धार्मिक उपासना, शिक्षण, रुग्णालय यांसाठीच्या नोंदणीकृत ट्रस्टची जमीन, तिचं सगळं उत्पन्न त्याच कामी लागत असेल तर, कुळाच्या सक्तीच्या खरेदीतून वगळली जाते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र असतं आणि ते निर्णायक पुरावा मानलं जातं.

म्हणून कूळ म्हणवणाऱ्या कुटुंबानं आणि कमिटीनं, दोघांनीही आधी ते प्रमाणपत्र शोधावं. प्रमाणपत्र आहे का? कोणत्या ट्रस्टच्या नावानं? त्यात तुमचा सर्व्हे नंबर आहे का? ते देताना कुळाला नोटीस मिळाली होती का? ३२ग ची चौकशी कधी सुरू होऊन 'ट्रस्टची जमीन' म्हणून बंद केली गेली का? त्या संचिकेची नक्कल तहसीलमध्ये मागा. 'चर्चची जमीन आहे, म्हणजे कूळ लागत नाही' हे गावोगाव ऐकू येतं; प्रमाणपत्राशिवाय ते नुसतं बोलणं आहे.

प्रमाणपत्र असलं तरी कूळ उघड्यावर पडत नाही. ८८ब मध्ये मोडणाऱ्या जमिनीलाही काही कलमं लागू राहतात. त्यातल्या ४ब प्रमाणे केवळ कराराची मुदत संपली म्हणून कुळवहिवाट संपत नाही. कूळ मालक होत नसलं तरी कूळ राहतं. कमिटीनं हे समजून घेतलं तर ट्रॅक्टर घालून ताबा घ्यायचा विचार मनातून जाईल, आणि कुटुंबानं समजून घेतलं तर न मिळणाऱ्या मालकीच्या मागे आयुष्य जाणार नाही.

माणूस कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम ७०ब खाली तहसीलदारांचा आहे. दिवाणी दाव्यात हा प्रश्न निघाला तर कलम ८५अ प्रमाणे कोर्ट तो तहसीलदारांकडे पाठवतं. तहसीलदारांच्या निर्णयावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण; मुदत ६० दिवस.

'कमिटीनं विकली' असं कळलं तर

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ पाठ असू द्या. ट्रस्टच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल, बक्षीस, तसंच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. नोटरी केलेला शंभराच्या स्टँपवरचा कागद, कुलमुखत्यारपत्र, 'चर्चला देणगी' म्हणून घेतलेली पावती यांतून प्लॉटची मालकी येत नाही. ज्यांनी असे प्लॉट घेतलेत त्यांनी गप्प बसू नये. घर बांधलं असेल तर ज्यानं पैसे घेतले त्याच्याविरुद्धचा हक्कही काळ जाईल तसा बुडत जातो.

परवानगीचा अर्ज दाखल झाला असेल तर त्यात ठराव, विक्रीचं कारण, मूल्यांकन, वर्तमानपत्रातली जाहिरात असं सगळं असतं. जमिनीवर बसलेल्या कुटुंबानं लेखी हरकत द्यावी आणि आपला ताबा नोंदवून घ्यावा. अर्जात 'मिळकत मोकळी आहे' असं लिहिलेलं असेल आणि तुमची चूल तिथं पेटत असेल, तर ही हरकत फार मोलाची ठरते. परवानगी आधीच खोट्या माहितीवर मिळवलेली असेल तर ती रद्द करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. मंडळीच्या सभासदांना विश्वस्तांच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर कलम ४१ड खाली विश्वस्तांना दूर करण्याची मागणी करता येते. दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना कलम ५१ ची संमती घेऊन कलम ५० चा दावाही लावता येतो. कार्यालय कागद दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं.

फेरफार, मोजणी आणि मुदती

जमिनीवर नवा फेरफार धरला गेला की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या, नोंद तक्रारी नोंदवहीत गेली का पाहा. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. जिल्हाधिकारी दर्जाच्या आदेशावर पुणे विभागीय आयुक्तांकडे अपिलाला ९० दिवस. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज जोडा आणि कारण खरं लिहा.

हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीशिवाय बोलू नका. हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, सगळ्या लगतदारांना नोटीस जाते आहे ना हे बघा, मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंची जाणती माणसं हजर ठेवा आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, मार्ग आहे. गावठाणात ड्रोन मोजणीतून मिळकत पत्रिका तयार होत असतील तर चौकशीच्या वेळी हजर राहा. मिशन कंपाउंडच्या खोल्या आणि चर्चची इमारत एकाच पत्रिकेत गेली की पुढे निस्तरायला वेळ लागतो.

ताबा आणि दिवाणी कोर्ट

ताबा धरून असलेल्याला कुणी बळजबरीनं काढलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करता येतो, त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही. सहा महिने उलटले की ही सोय गेली. म्हणून प्रसंग घडला त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार, पंचांची नावं, फोटो. पोलीस 'दिवाणी बाब आहे' म्हणतील. तरी अर्जाची पोच घ्याच. ताबा जाण्याची भीती असेल तर मनाईचा दावा आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज. पण समोरचा मालकीच नाकारत असेल तर नुसत्या मनाईवर दावा उभा राहत नाही, मालकी जाहीर करून मागावी लागते; सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हा फरक सविस्तर समजावलाय.

दावा येणार अशी कुणकुण लागली तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, अशी कोर्टाला आगाऊ सूचना) टाकून ठेवा, ती ९० दिवस चालते. सरकार पक्षकार असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वीस-पंचवीस घरांचा प्रश्न एकसारखा असेल तर कोर्टाच्या परवानगीनं प्रतिनिधिक दावा करता येतो, पण कूळ, भाडेकरू आणि प्लॉट घेतलेले यांना एका दाव्यात बांधू नका. ट्रस्टचा कारभार किंवा मिळकत ट्रस्टची आहे का, असा प्रश्न असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ८० आडवं येतं. तिऱ्हाईत माणसाचा स्वतःच्या मालकीचा दावा मात्र सामान्यतः दिवाणी कोर्टातच चालतो. कोणता मुद्दा कुठं, हे दावा लिहिण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या. कुळकायदा आणि धर्मादाय या दोन्हींचा अनुभव असलेला वकील निवडा, मग तो नात्यातला नसला तरी चालेल.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय आणि सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यामुळे पुढच्या पायरीसाठी मुंबईच्या खेपा उरल्या नाहीत.

पैशाअभावी कुणी बाजू सोडू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो; अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो. दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही, पण घरातल्या आईच्या किंवा बहिणीच्या नावानं, किंवा उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करता येतो. सामायिक हक्कात त्यांचं नाव असेल तर ते पुढे आणा.

तडजोड करायची तर

माझ्या मते यातले बरेच वाद तडजोडीनंच संपायला हवेत. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या घरांना रस्त्यावर काढून चर्चचं भलं होत नाही, आणि चर्चची जमीन तुकड्या-तुकड्यानं संपली तर त्याच घरांच्या मुलांची शाळाही जाते. पण 'सगळ्यांनी बसून ठरवलं' एवढ्यानं ट्रस्टची मिळकत कुणाच्या नावे होत नाही.

आधी संयुक्त मोजणी करा आणि नकाशावर चार रंग भरा: चर्च, पाळकाचं घर व दफनभूमी मिळून एक रंग, मग शाळा किंवा दवाखान्याची जागा, राहती घरं, कसणाऱ्याच्या पट्ट्या. भांडण बहुधा शेवटच्या दोन रंगांपुरतंच असल्याचं दिसेल. मग प्रत्येक घराशी त्याच्या नात्याप्रमाणे बोला. भाडेकरूला रीतसर भाडेकरार आणि पावती. कुळाला खंडाची पावती आणि पीकपाहणीत नाव. एखाद्या घराला जागा विकायचीच असेल तर विश्वस्तांचा ठराव, मूल्यांकन आणि कलम ३६ ची परवानगी. दावा चालू असेल तर तडजोडीच्या अर्जात 'धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीच्या अधीन' ही अट स्पष्ट लिहा आणि परवानगी मिळण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका. प्रतिनिधिक दाव्यात तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते आणि हितसंबंधी लोकांना नोटीस द्यावी लागते. ज्यांनी सही केली नाही त्या घरांचे हक्क या तडजोडीनं जात नाहीत, असं एक कलम घालून ठेवा.

परवानगी आली की दस्त नोंदवा, मुद्रांक भरा, दस्ताची सूची दोन घ्या. नोंदणीनंतर फेरफार धरला गेला का हे महिन्याभरात तपासा, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ट्रस्टच्या बाजूनं परिशिष्ट एकमधून ती मिळकत कमी करण्याचा बदल अर्जही ९० दिवसांत गेला पाहिजे. तो राहिला तर पुढचे विश्वस्त तीच जागा पुन्हा ट्रस्टची म्हणून दाखवतात. सगळ्या आदेशांच्या प्रमाणित प्रतींचे दोन संच करा, एक घरात आणि एक चर्चच्या कपाटात, आणि दोन्हींवर त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.